न मारलेली उडी

कुवेतच्या शर्क मोहल्ल्यात सबीकाला एकच प्रश्न एकोणीस वर्षं विचारला गेला आणि तिने त्याचं एकच उत्तर एकोणीस वर्षं दिलं. ‘मन्सूरा’ गलबताचा कणा वाळूवर मांडला होता तेव्हा तू त्याच्यावरून उडी मारलीस का? नाही. कोणी लाडीगोडीने विचारलं तरी नाही, भांडणात तोंडावर फेकलं तरी नाही, मयताच्या घरी कानाशी लागून विचारलं तरी नाही.

तिच्या ‘नाही’वर कोणाचाही विश्वास नव्हता.

गलबत बांधायला घेतलं की आधी कणा मांडतात. मलबारी सागाचा एकच लांबलचक सोट, समुद्राकडे तोंड करून. मूल नसलेल्या बाईने त्यावरून उडी मारली तर तिची कूस उजवते, हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण एक जीव येतो तेव्हा दुसरा जातो, हेही ठाऊक होतं. तो बांधणाऱ्या सुतारांपैकी कोणाचा तरी जातो, नाही तर पुढे कधीतरी त्याच गलबतावरच्या कोणाचा. म्हणून कणा मांडला की त्याच्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालायचं आणि बरगड्या चढून तो उंच होईपर्यंत पहारा ठेवायचा. पहाऱ्याला ऐरागैरा चालत नसे. ज्याच्या शब्दावर गलबत बांधणाऱ्या उस्तादाचा पूर्ण विश्वास, तोच बसे.

मन्सूराच्या पहाऱ्याला हमूद उस्तादाने दुऐजला बसवलं होतं. दुऐज फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवणारा कारागीर होता. हात इतका साफ, की त्याने भरलेल्या फटीतून थेंब आत येत नसे. दुऐज सबीकाचा नवरा. लग्नाला अकरा वर्षं झालेली, पाळणा हललेला नव्हता.

लोक नंतर म्हणाले, कुंपणानेच शेत खाल्लं.

प्रत्यक्षात झालं ते एवढंच. एका दुपारी सुतार जेवून घरोघरी आडवे झाले होते तेव्हा सबीका खरंच तिथे गेली. त्या सकाळी शेजारच्या वदहाने तिला आपलं सहावं मूल मांडीवर घ्यायला दिलं होतं आणि लगेच काढून घेतलं होतं, “नको गं, दृष्ट लागायची,” असं हसत म्हणत. सबीका कुंपणाच्या फटीतून आत शिरली. अबाया गुडघ्यापर्यंत उचलला. पलीकडे सावलीत दुऐज डोळे मिटून पडला होता, एक पाय कण्याला टेकवून. टाचेला भेगा, भेगांत मुशीच्या तेलाचा काळा थर. गलबताच्या अंगाला ते तेल फासतात, आणि त्याचा वास दुऐजच्या अंगाला कायमचा होता. सबीका त्या पायाकडे बघत राहिली. बांधणाऱ्यांपैकी एकाचा जीव. मग तिने अबाया खाली सोडला आणि आल्या वाटेने परत गेली.

तिला जाताना एका पाणीवाल्याने पाहिलं होतं. त्याच हिवाळ्यात मरझूक जन्मला. वदहाने आपल्या गच्चीवर बसून बोटांवर महिने मोजले आणि ते बरोबर जुळले.

हमूद उस्तादाने दुऐजला बोलावलं. “मी तुला चोर म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण तुला पहारेकरी म्हणता येणार नाही. आणि ज्याला पहारेकरी म्हणता येत नाही त्याच्या हातची फट माझ्या गलबताला नको.”

दुऐज वाद घालणाऱ्यातला नव्हता. तो बसऱ्याच्या नदीवरून गोडं पाणी आणणाऱ्या होडीवर लागला आणि चौदा वर्षं पखाली उचलून वारला. जाण्याच्या आदल्या उन्हाळ्यात, कलिंगड खाता खाता, तो तिला सहज म्हणाला, “त्या दुपारी मी जागा होतो.”

“कुठल्या?”

“तू आलीस त्या. तुझी सावली तोंडावर पडली.”

सबीकाने हातातली फोड खाली ठेवली. “मग बोलला का नाहीस?”

“तू उडी मारली असतीस तरी मी डोळे उघडले नसते,” दुऐज म्हणाला, आणि बिया थुंकल्या.

हे वाक्य तिने पुढे कोणालाही सांगितलं नाही. ते तिचं एकटीचं होतं. पण दुऐज पहाऱ्यावर झोपला नव्हता, त्याच्या पहाऱ्यात कोणी कणा ओलांडला नव्हता, हे तिला साऱ्या शर्क मोहल्ल्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. दुऐजने मागे स्वतःचं घर ठेवलं नव्हतं, होडी ठेवली नव्हती. नाव तेवढं होतं आणि तेही डागाळलेलं. ते ती राखून होती.

म्हणूनच मरझूक पंधराचा झाला तेव्हा ती त्याला घेऊन सरळ मन्सूराच्या याकूब नाखव्याकडे गेली. नाखवा चपापला. “दुसरी गलबतं आहेत की, मरझूकच्या आई.”

“आहेत. पण माझ्या मुलाला याच गलबतावर घ्या. बघू या काय खातं त्याला.”

मन्सूराने त्याला खाल्लं नाही. चार हंगाम तो बसरा, मुंबई, मलबार करून आला, खलाशाचा सुकाणी झाला. दर वसंतात ती गच्चीवर उभी राहून शीड ओळखायची आणि वदहाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणायची, “आलं बाई, उपाशीच आलं.”

पाचव्या हंगामात वादळ आलं.

वसंताच्या शेवटी तिकडे वादळ सांगून येत नाही. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मन्सूराचं शीड दिसलं. बायका गच्च्यांवर चढल्या, ढोल बाहेर निघाले, कोणी तांदूळ भिजत घातले. गलबत बांबू, नारळ आणि काथ्याने काठोकाठ भरलेलं होतं, आरामात येत होतं. तिसऱ्या नमाजाची बांग व्हायच्या आत पश्चिमेकडून आभाळ विटेसारखं लाल झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग धुळीतून चिखलाचा पाऊस. धूळ खाली बसली तेव्हा मन्सूरा शहरासमोरच्या खडकांच्या पट्ट्यावर आडवं पडलं होतं. डोलकाठी मधोमध मोडून शिडासकट पाण्यात लोंबत होती. प्रत्येक लाट गलबताला उचलून त्याच खडकावर आपटत होती. मागच्या उंच भागाला माणसं चिकटून होती. सबीकाने मोजायचा प्रयत्न केला. पंचवीसपर्यंत मोजता आलं. सुकाणूपाशी एकजण अजून उभा होता. त्या सुकाणूला आता काही अर्थ नव्हता, तरी त्याने ते सोडलं नव्हतं. तो कोण हे तिला मोजावं लागलं नाही.

किनाऱ्यावर त्या वाऱ्यात टिकेल अशी एकच होडी होती, हमूद उस्तादाच्या कारखान्याची, बारा वल्ह्यांची. वल्हेकरी तिच्याभोवती उभे होते. होडी मात्र वाळूवरच होती.

“उस्ताद, होडी काढा,” सबीका म्हणाली.

उस्तादाची पांढरी दाढी चिखलाने तांबडी झाली होती. “वाऱ्याला मी भीत नाही, मरझूकच्या आई. याहून वाईट वाऱ्यात तीनदा गेलोय. दुसरं कुठलं गलबत असतं तर एव्हाना अर्ध्या वाटेवर असतो.”

“दुसरं नाहीये. मन्सूराच आहे.”

“तेच तर. एकोणीस वर्षं त्याला एक जीव हवाय. आज तो मागायला दाराशी आलंय. जी होडी त्याला आधी टेकेल, तिच्यातला पहिला माणूस गेला. ही बारा पोरं माझ्या हाताखाली वाढली. पहिला कोण, ते तूच सांग मला.”

बाराजण वाळूकडे बघत होते. ते भित्रे नव्हते. त्यांतल्या दोघांचे सख्खे भाऊ त्या गलबतावर होते. पण समुद्राशी झुंजायची त्यांना सवय होती, ठरलेल्या मरणाशी नव्हती.

“मी उडी मारली नाही, उस्ताद,” सबीका म्हणाली.

“हो,” उस्ताद म्हणाला, इतक्या वर्षांत सगळे म्हणत आले होते तसंच.

आणखी एक लाट आली. गलबताची एक बाजू उघडली आणि पोटातले बांबू भाल्यांसारखे बाहेर सुटले.

सबीकाला कळलं, की या ‘नाही’ने होडी हलणार नाही. एकोणीस वर्षं ज्या शब्दाने दुऐजला धरून ठेवलं होतं तो शब्द आता मरझूकला बुडवणार होता, आणि बाकीच्या सगळ्यांनाही.

“मारली,” ती म्हणाली.

“काय?”

“उडी. मी मारली. भर दुपारी, या दोन पायांनी. दुऐज झोपला होता.”

वाऱ्यातसुद्धा ते सगळ्यांना ऐकू गेलं. मागे बायकांचा घोळका होता, त्यात वदहाने छातीवर हात ठेवला. दुऐज झोपला होता, हे शब्द तिने स्वतःच्या तोंडाने उच्चारले, आणि उच्चारताना मान खाली घातली नाही.

“तेव्हा त्या गलबताला कोणाचा जीव हवाय, ही शंका मिटली. माझा. घेतलं मी, फेडणारही मीच. मी होडीच्या नाळेवर बसते, सगळ्यांच्या पुढे. आधी मी टेकेन. माझं जे व्हायचं ते झालं की तुमची वाट मोकळी. आता वल्ही उचला.”

“अगं, बाईमाणूस होडीत?” वदहा ओरडली.

“तू गच्चीवर जा, वदहा. तुला तिथून सगळं चांगलं दिसतं.”

उस्ताद पुढे आला. “असं कधी झालेलं नाही. बाई होडीत बसली तर—”

“तर काय होईल, उस्ताद? गलबत फुटेल?”

वल्हेकऱ्यांपैकी एकजण हसला. त्याला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, आणि हसताना त्याचा हात होडीच्या काठावर गेला. मग दुसऱ्याचा गेला. सबीका आत चढून नाळेवर बसली, अबायाची टोकं कमरेला खोचली आणि बुरखा फेकून दिला, कारण त्यातून काही दिसत नव्हतं. शेवटी उस्ताद चढला. होडी त्याची होती.

जाताना बांबूंनी होडीला दोन ठिकाणी भोकं पाडली. उस्तादाने आपलं मुंडासं फाडून ती बुजवली. एक नारळ लाटेबरोबर उडाला आणि वल्हेकऱ्याच्या खांद्यावर बसला. तो शिव्या देत वल्हवत राहिला. सबीका काही करत नव्हती, फक्त बसली होती. पण मागच्या बारा जणांना समोर तिची काळी पाठ दिसत होती, आणि ती पाठ हलत नव्हती.

होडी गलबताला भिडली तेव्हा सबीकाने हात लांब करून तळवा फळीवर टेकवला. सगळे थांबले. फळीला मुशीच्या तेलाचा वास होता.

“आले बघ,” ती गलबताला म्हणाली. “काय करायचं ते कर.”

गलबताने काही केलं नाही. वरून दोर आला आणि त्या दोराने माणसं उतरू लागली. दोर मरझूक धरून होता. त्याने खाली पाहिलं आणि त्याचा हात क्षणभर थांबला.

“आई, तू इथे काय करतेस?”

“पापलेटं धरायला आलेय. उतर खाली.”

“आधी हे.”

“मरझूक.”

“आई, आधी हे. हात मोडलाय याचा.”

चौदा माणसं होडीत मावली. पंधरावा मावला नाही, आणि मरझूक पंधरावा नव्हताच, तो शेवटून दुसरा होता. त्याला तिथेच ठेवून परत फिरावं लागलं. येताना सबीका नाळेवर उलटं तोंड करून बसली, गलबताकडे. किनाऱ्याला लागल्यावर उस्ताद म्हणाला, “तू टेकलीस, परतही आलीस. आता उतर. आमचं आम्ही बघू.”

“मुलगा उतरला की मी उतरते.”

दुसऱ्या खेपेला गलबत कमरेतून मोडत होतं. शेवटी वर दोघेच उरले, मरझूक आणि याकूब नाखवा. नाखवा उतरेना. त्याने अठरा वर्षं त्या गलबताखेरीज दुसरीकडे झोप घेतली नव्हती.

“याकूब नाखवा,” सबीकाने खालून हाक मारली, “तुमची बायको पाण्यात कमरेइतकी उभी आहे. तिला काय सांगू? तुमचं लग्न लाकडाशी लागलं होतं म्हणून?”

“तुला काय कळतंय, बाई—”

मरझूकने त्याला पाठीमागून ढकललं. नाखवा होडीत पडला, दोन वल्हेकऱ्यांच्या अंगावर. त्याच्यामागोमाग मरझूकने उडी टाकली. होडी अर्ध्या वाटेवर आली तेव्हा मन्सूराचे दोन तुकडे झाले.

अठ्ठावीस गेले होते, अठ्ठावीस परत आले. एक हात मोडला, नाखव्याची दोन बोटं गेली. मरण एकही नाही.

आता कोणालाही वाटेल, की प्रश्न मिटला. पण कॉफीच्या दुकानात दोन दिवसांत निकाल लागला, की गलबताने समजूतदारपणे स्वतःचाच जीव दिला आणि हिशेब पुरा केला. आणि दुसरंही एक ठरलं, ते मरझूक घरी घेऊन आला.

“आई, बाबा खरंच झोपले होते?”

“नाही.”

“लोक म्हणतात, बायकोनेच तोंडाने सांगितलं.”

“सांगितलं.”

“का?”

“तुला खाली उतरवायचं होतं. तू कुठे ऐकत होतास.” ती तांदूळ निवडत होती. दोन खडे काढून तिने बाजूला टाकले. “आता तुझ्या बाबांना परत आणायचंय. त्याला होडी लागत नाही.”

चौथ्या दिवशी ती कारखान्यात गेली. हमूद उस्ताद वाहून आलेली लाकडं निवडत होता. मन्सूराच्या कण्याचा हातभर तुकडा त्याच्या पुढ्यात होता. सुतार वाकसाने फळ्या तासत होते. सबीका मधोमध उभी राहिली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“उस्ताद, मी खोटं बोलले.”

“कधी?” उस्तादाने वर न बघता विचारलं. “त्या दिवशी, की एकोणीस वर्षं?”

“त्या दिवशी. एकदाच. त्याआधी एकोणीस वर्षं खरं बोलले, ते कोणी ऐकलं नाही. एकदा खोटं बोलले, तर बारा माणसांनी लगेच ऐकलं. याची लाज मी बाळगू, की तुम्ही?”

तासण्याचे आवाज बंद झाले.

“मग मूल कसं झालं?”

“तुमच्या बायकोला सात कशी झाली? सात कणे ओलांडले तिने?”

एक सुतार खोकला. उस्तादाने त्याच्याकडे पाहिलं तसा खोकला थांबला.

“मी आले होते,” सबीका म्हणाली. “उडी मारायलाच आले होते. तुमच्या कण्याला पाय टेकून तो पडला होता. तो पाय बघितला आणि माघारी गेले. दुऐज जागा होता. त्याच्या पहाऱ्यात कोणी कणा ओलांडला नाही. त्याने फट नीट भरली होती, उस्ताद. तुम्हीच त्याला काढून टाकलंत.”

“पुरावा काय?”

“तुमच्या होडीने आणलाय. अठ्ठावीस. तुमचंच शास्त्र ना, की उडी मारली तर जीव जातो? मग गेलेला दाखवा.”

“लोक म्हणतात गलबतानेच स्वतःचा—”

“लोक म्हणू देत. गलबतं तुम्ही बांधता. लाकडात जीव असतो, असं तुम्ही कधी म्हणालात?”

उस्तादाने कण्याचा तुकडा उचलला, उलटा करून पाहिला. त्याला चिकटून राहिलेल्या पहिल्या फळीच्या फटीतला कापूस अजून घट्ट होता. तो दुऐजच्या हातचा होता. त्याला कामावरून काढायच्या आधी पहिली फट त्यानेच भरली होती. उस्तादाने नखाने तो ओढून पाहिला. निघाला नाही.

“काय हवंय तुला?” तो म्हणाला.

“पुढचा कणा मांडाल तेव्हा पहाऱ्याला मरझूकला बसवा. त्याच्या बापाच्या जागेवर, सगळ्यांसमोर.”

“तो सुकाणी आहे. पहाऱ्याला कारखान्याचा माणूस लागतो.”

“तुमच्या कारखान्याच्या माणसांना त्या दिवशी वाळूतून पाय उचलायला बाई लागली.”

उस्ताद पुन्हा लाकडं निवडू लागला. तिने वाट पाहिली नाही. घरी आली आणि पुढचे पाच महिने ज्याने विचारलं त्याला एकच उत्तर दिलं. नाही, मारली नाही. वदहाने तिला अडवून विचारलं, “मग त्या दिवशी का गं म्हणालीस?” तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या खोट्याला माझं एक जोडलं, तेव्हा कुठे होडी हलली.”

मूल नसलेली एक नवी सूनही तिच्याकडे चोरून आली, उडी कशी मारायची ते विचारायला. सबीकाने तिला चहा दिला आणि सांगितलं, “गुडघे सांभाळ, पोरी. नंतर पोरामागे धावायला लागतात. आणि सासूला सांग, की उडीने काही होत नसतं, सबीकाने सांगितलंय.”

उन्हाळा ओसरल्यावर हमूद उस्तादाने नवा कणा मांडला. त्याच सकाळी कारखान्यातून निरोप आला, मरझूकला पाठव. एवढाच.

दुपारी सबीका त्याचं जेवण घेऊन गेली. थाळीत भात, तळलेलं पापलेट, वाळलेल्या काळ्या लिंबाचं सार. त्या दिवशी सुतार जेवायला घरी गेले नव्हते. कुणालाच भूक नव्हती म्हणे. समोरच्या गच्चीवर वदहा होती, आणखीही चार गच्च्या भरल्या होत्या. सबीका कुंपणाच्या फटीतून आत आली. मरझूक पलीकडे सावलीत बसला होता, एक पाय कण्याला टेकवून. ती कण्यापाशी थांबली. एकही हातोडा वाजत नव्हता.

गुडघ्याहून खाली होता तो कणा. म्हातारीनेही ओलांडला असता.

“मरझूकच्या आई,” हमूद उस्ताद दुरून म्हणाला, “ऊन आहे. इकडून वळसा घालून या.”

सबीकाने थाळी डोक्यावर ठेवली आणि वळसा घातला. साधा नाही, कण्याच्या पार समुद्राकडच्या टोकापर्यंत गेली, तिथून दुसऱ्या अंगाने परत आली, तळपत्या वाळूत, एकेक पाऊल टाकत, कोणाचीही नजर न चुकवता. मग सावलीत मुलाशेजारी बसली, थाळी त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि साऱ्या कारखान्याकडे वळून म्हणाली, “बघून झालं ना? आता कामं करा. त्याला जेवू दे.”